कुडाळात ऐकू आलं का?

बाबा, परसातली तुमची अँटेनाची तार मी शेवटी उतरवली. कौलं बदलायची होती म्हणून उतरवावी लागली, नाहीतर अजूनही तिला हात लावायचं धाडस झालं नसतं.

जहाजावरची रेडिओची नोकरी संपवून तुम्ही घरी आलात, तेव्हा तुमची चाळीस मीटरची तार आपल्या माडापासून काकांच्या विहिरीकडच्या माडापर्यंत जायची. तिला रेडिओ जोडून रोज सकाळी सातला तुम्ही चार मित्रांशी बोलायचात. कोणी रत्नागिरीचा, कोणी कारवारचा. एकाचंही तोंड कधी पाहिलेलं नाही. मग वाटण्या झाल्या, मधे दगडांचा गडगा आला आणि काका म्हणाले, "माझ्या माडाक तुझी तार नको." तुम्ही भांडला नाहीत. तार गुंडाळून घरात आणलीत.

आपल्या वाट्याला परस आलं जेमतेम वीस पावलांचं. लांब तार मावत नाही, तर तिचा काही भाग नळीवर गुंडाळायचा, म्हणजे आखूड तारही लांब तारेसारखं काम करते, हे तुम्ही मला स्वयंपाकघरात बसून समजावलंत. अजून दिसतं मला ते. प्लंबरकडून आणलेली नळी तुम्ही मांडीवर फिरवताय, मी तार ताणून धरतेय आणि हात जरा ढिला पडला की तुम्ही ओरडताय, "गो, लक्ष खंय तुझां?" अशी दोन वेटोळी केलीत, तारेच्या दोन्ही बाजूंना एकेक.

तार चढली. रेडिओच्या मीटरवर सगळं ठीक दिसत होतं, पण तुमचा विश्वास बसेना. मी तेव्हा नोकरीसाठी कुडाळला खोली घेऊन राहत होते, आणि तुम्ही दिलेला छोटा रेडिओ माझ्याकडे होता. शनिवारी तुमचा फोन आला. "उद्या सकाळी सातांक लाव आणि आयक. मी बोलतंय. मीटराचो काटो फसयता, कान फसयणत नाय."

सकाळी मला जाग आली ती तुमच्या फोननंच. साडेआठ वाजले होते.

"आयकाक इलां?"

"हो बाबा, अगदी स्पष्ट."

"शेजारात बसान बोलल्यासारखां?"

"हो."

तुम्ही किती हसलात! रेडिओ माझ्या पिशवीतच होता.

त्यानंतर वर्षभर तुम्ही रोज सातला त्या चौघांना हाका मारत राहिलात. "माका त्यांचां सगळां आयकाक येता गो," एकदा तुम्ही मला म्हणालात, "पण माका कोण जाब देणा नाय." मी म्हटलं, फोन करा ना त्यांना. "नंबर खंयचो? आमची वळख हवेतलीच." पुढे तुम्ही रेडिओवर पंचा टाकलात तो कायमचा. शिमग्याच्या आधी तुम्ही गेलात.

तार उतरवली तेव्हा एका वेटोळ्यातला सोल्डर केलेला सांधा हिरवा पडून भुसभुशीत झालेला दिसला. खाऱ्या वाऱ्यानं खाल्ला म्हणावा, तर वरून चिकटपट्टी घट्ट होती. आतलं काम मुळातच कच्चं राहिलं होतं. तुमच्या रेडिओची सगळी ताकद तिथंच जिरत होती. ऐकायला मोडकी तारही पुरते, म्हणून तुम्हाला त्यांचं ऐकू येई, त्यांना तुमचं नाही. त्या रविवारी मी "नाही ऐकू आलं" एवढंच म्हटलं असतं, तर तुम्ही संध्याकाळच्या आत तो सांधा शोधला असता.

मी तो नव्यानं जोडून तार पुन्हा चढवली. तुमच्या वह्या वाचून परीक्षा दिली, रेडिओवर बोलायचा परवाना घेतला. पहिल्यांदा सातला मालवणाहून हाक मारली, तेव्हा रत्नागिरीच्या तुमच्या मित्रांनी विचारलं, "मालवणाहून? तिथं आमचे एक स्नेही होते. आम्ही पुष्कळ दिवस वाट पाहिली त्यांची. वाटलं, आमच्यावर रुसले."

मी त्यांची मुलगी, म्हटलं. बाबा गेले, कधी गेले तेही सांगितलं. त्यांनी विचारलं, "पण त्याच्या कितीतरी आधीच गप्प का झाले होते?"

"अँटेना बिघडली होती."

पुढचं सांगितलं नाही. चौघांतले दोघेच उरलेत आता. रोज सातला ते माझी वाट बघतात, एक दिवस उशीर झाला तर काळजी करतात. रोज ठरवते, आज सांगायचं. पण बाबा, मग ते माझ्याशी बोलायचे थांबतील, अशी मला भीती वाटते.