सहभागी क्रमांक चौदा

आपिया, ११ ऑगस्ट २०१९

प्रिय सालोमेताई,

तुझी तब्येत बरी असावी. माझे गुडघे सोडले तर इकडे सगळं ठीक. सहा वर्षांनी पत्र आलं म्हणून कोणी गेलं असं समजू नकोस. माझा फोन तू उचलणार नाहीस, म्हणून लिहिते.

विद्यापीठाने मला ‘समाज-संशोधक’ नेमलंय. विषय, म्हाताऱ्यांचं एकटेपण. ऑकलंडची डॉक्टर फिलिपा म्हणते, आपण सगळे बरोबरीचे. बरोबरीचे, आणि गुप्ततेच्या कागदावर सह्या तेवढ्या आमच्या! तीस वर्षं मी टेलिफोन एक्स्चेंजवर बसले. निम्म्या सामोआची भांडणं या कानांनी ऐकली, एक शब्द बाहेर गेला नाही. आणि ही कालची पोर मला तोंड मिटायला शिकवणार! बिंगोला जाणंही बंद झालंय. बोलण्यासारखं उरलेलं सगळंच गुप्त.

मंगळवारी तुमच्या सवाईई बेटावरच्या मुलाखती आल्या. नावं नाहीत, नुसते क्रमांक. एकेकाचं म्हणणं एकेका चिठ्ठीवर, आणि चटईवर बसून आम्ही भावनेप्रमाणे त्यांचे ढीग लावायचे. क्रमांक चौदाची चिठ्ठी माझ्याच हाती आली.

‘बहिणीने चर्चमध्ये ईस्टरच्या भर मिस्सेत ऑर्गन थांबवून मला गप्प केलं. तेव्हापासून गात नाही. रविवारी अजून दोन ताटं वाढते. एक डुकराला जातं.’

मी ती ‘राग’ या ढिगात टाकली.

आमच्यातले धर्मशिक्षक पेतेलो म्हणाले, “बाई, हा राग नव्हे. एकटेपण.”

“राग नाही कसा? बेसूर गात होती ती!”

“तुम्हाला काय ठाऊक?”

मला खोकल्याची उबळ आली. तेवढ्यात फिलिपाच रडायला लागली. “मी आईशी चार वर्षं बोलले नाहीये.”

“मग लाव की फोन! चटई कशाला भिजवतेस?” मी म्हटलं. गेली बिचारी बाहेर फोन लावायला. दुसऱ्याला सांगायला माझं काय जातं?

ती चिठ्ठी तेव्हापासून सापडत नाही. सगळे चटया झटकतायत. ती माझ्या प्रार्थनेच्या पुस्तकात आहे, आणि हे मी तुला सांगितलेलं नाही.

चौदा क्रमांक कोण, तेही सांगता येत नाही. सही केलीय. तुझ्या ओळखीची निघालीच, तर तिला सांग, शनिवारच्या बोटीने एक बाई येतेय. दुसरं ताट डुकराला घालायचं नाही. नारळाच्या दुधातल्या पालुसामीत मीठ बेताचं, मला रक्तदाब आहे.

आणि तिचा सूर चुकला नव्हता. ऑर्गन मी चुकीच्या पट्टीत धरला होता. हे कुठल्याही चिठ्ठीवर नाही.

जेवणाआधीची प्रार्थना तिने गाऊन म्हणावी. सगळी. मी हात मांडीखाली दाबून बसेन.

तुझी धाकटी,
इमाकुलाता