अकरावी बाटली

सोमवार, ४ मार्च
सूनबाईची चिप पुन्हा नापास! बाटल्या भरणाऱ्या यंत्रासाठी आहे. दहा बाटल्या गेल्या की पट्टा थांबायला हवा – अकरावी जातेच. शुक्रवारी शेवटची चाचणी. पास झाली तर तिला मोठ्या ऑफिसात घेणार, दूरच्या शहरात. चिरंजीव आतापासूनच खोकी जमवतोय. तिथले चार जिने माझ्या गुडघ्यांना झेपायचे नाहीत, म्हणून मी इथेच राहायचं ठरलंय. एकटा.

मंगळवार, ५ मार्च
मटार सोलता सोलता तिला विचारलं, चिप लिहितात म्हणजे काय गं? न कंटाळता सांगितलं पोरीने. ओळी झोपलेल्या असतात. घड्याळाचा ठोका पडला की जाग्या होतात, वरून खाली एकेक वाचली जाते. पण एखादीने आकडा बदलला तरी नवा आकडा लगेच बसत नाही – सगळ्या ओळी संपल्या की मग बसतो. तोवर खालच्यांना जुनाच दिसतो. तिच्या दोन ओळीही वाचून दाखवल्या : एक मिळव; दहा झाले असतील तर थांब.
आमच्या वर्गातही हेच! गुरुजी कविता म्हणून घ्यायचे आणि कडवं पुरं होईपर्यंत अर्थ विचारायची सोय नसे. मी मनाने त्या बाकावर जाऊन बसलो. मटार तिनेच सोलले.

बुधवार, ६ मार्च
आंघोळ करताना लख्ख दिसलं. दहाव्या बाटलीला पहिली ओळ एक मिळवते, पण दुसरीला जुनाच आकडा दिसतो – नऊ! ती थांबवणार कशी? म्हणून अकरावी बाटली.
बोललो नाही. बोललो तर घर ओस.

गुरुवार, ७ मार्च
तिच्या डोळ्यांखाली काळं आलंय. साहेब चारचौघांत काय काय बोलला, ते चिरंजीव जेवताना सांगत होता. मला राहवेना. म्हटलं, "दुसऱ्या ओळीला अजून नऊच दिसत असतील ना गं?"
तिचा घास हातातच राहिला. चिरंजीव ताटावरून उठलाच – बाबा इंजिनियर झाले म्हणाला! आता ही जाणार हे कळत होतं, तरी छाती फुगलीच. खोटं कशाला लिहू.

शुक्रवार, ८ मार्च
पास.

रविवार, १० मार्च
चिरंजीव दोरी आणायला बाहेर गेला, तेव्हा सूनबाई जवळ येऊन बसली. म्हणाली, "बाबा, तुम्हाला समजावत होते ना, तेव्हाच मला ती चूक ठाऊक होती. का बोललात?"