फॉर्मात न आलेली मुक्कामी गाडी

३ फेब्रु. २००३, सोम.
बसच्या वेबसाइटचं काम मिळालं. आमचा मालक देसाई म्हणतो, वेळापत्रक टाका की झालं. मी म्हटलं, आधी लोकांना काय हवंय ते विचारू. विचार, म्हणाला, दोन आठवड्यांत आटप. इंटरनेट बघणार कोण, हे दोघांनीही विचारलं नाही.

५ फेब्रु.
नाशिक स्टँडवर फॉर्म घेऊन उभा, दहा ते पाच. वेळ कोणी विचारतच नाही. सगळ्यांचं एकच, येवला गेली का? खिडकीतला माणूस मान वर न करता गेली म्हणतो. मनमाडच्या एक बाई सही करून विचारत्या झाल्या, आता सीट पक्की ना?

१४ फेब्रु.
कुठल्या गाडीला किती माणसं, फॉर्म मोजून यादी दिली. बस-ऑफिसचे साहेब खूश. ज्या गाडीला एकही माणूस नाही, ती साइटवर कशाला? वर म्हणाले, एप्रिलपासून बंदच करू. पहिलं नाव वाडीची मुक्कामी. संध्याकाळी सातला जाते, रात्री तिथंच थांबते, पहाटे परत. मी मान डोलावली.

१७ फेब्रु.
इंदिरानगरच्या कोपऱ्यावर फुलं विकणाऱ्या हौसामावशी वाडीच्या. सहज विषय काढला.
"पहाटच्या गाडीत उभं राहाया जागा नाय. ती गेली तर धंदा बसला माझा."
फॉर्म का नाही भरला?
"दहाला मी हितं असते, दादा. सहापर्यंत."
गाढव आहे मी. दिवसा उभं राहून पहाटेची माणसं मोजली. दिवसभर स्वतःचाच राग येत होता.

१९ फेब्रु.
काल सातच्या गाडीनं वाडीत, मावशींच्या दिरांकडे मुक्काम. पहाटे गाडीत फुलांच्या पाट्या, भाजी, नर्सिंगला जाणारी एक मुलगी. उभ्यानंच फॉर्म भरले. अक्षर माझं मलाच लागत नाही.

२१ फेब्रु.
नवे फॉर्म साहेबांकडे नेले. म्हणाले, पहिली यादी तुमच्याच सहीनं वर गेलीय. चूक माझी असं लेखी द्या, मग बघू. देसाई म्हणतो, दिलंस तर पुढची कामं गेली. त्याचंही खोटं नाही. आमच्या ऑफिसातल्या चौघांचे पगार...

२२ फेब्रु., शनि.
लेखी दिलं. साहेबांनी फाइलीत लावलं.
संध्याकाळी मावशींनी विचारलं, गाडी राहील ना? माहीत नाही म्हणालो. चूक माझी होती, तेही सांगितलं. त्यांनी पुडीत नेहमीपेक्षा जास्त शेवंती भरली. ती घ्यायची लाज वाटली.