दोऱ्याचा आलेख

४ एप्रिल

सर म्हणाले, "विधी, आलेखांचं टेन्शन घेऊ नकोस. ते रूपा काढेल. तू फक्त तक्ते कर."

प्रेमानेच म्हणाले. म्हणून जास्त लागलं.

एम.एस्सी.चा हा प्रकल्प माझा! पत्र्याच्या छताला चुना मारला तर घर किती थंड होतं — हे मी सुचवलं. रूपा प्रकल्पात माझी जोडीदार; धरणगावला तिच्या घरावर चुना मारला, शेजारी तिच्या काकांचा पत्रा तसाच ठेवला, दोन्हीकडे तापमान टिपणाऱ्या डब्या टांगल्या. तासातासाचे आकडे माझ्याकडे येतात. लॅपटॉप वाचतो, मी ऐकते. एक्केचाळीस पॉइंट दोन, एक्केचाळीस पॉइंट सहा... पण त्या आकड्यांचा आकार? तो दुसऱ्याने बघायचा आणि मला सांगायचा.

आठवीपर्यंत दिसत होतं मला. आलेखाच्या कागदावरचे हिरवे चौकोन अजून आठवतात. बी.एस्सी.ला मात्र सारखं एकच — "ग्राफचा प्रश्न तुला माफ." माफ! मी काय गुन्हा केला होता?

५ एप्रिल

आलेख करायला बसले. माउसने इथे धर, तिथे ओढ, सोड. कुठे धरू? कुठे सोडू? लॅपटॉप मिटला आणि मम्मीवर उगाच चिडले.

८ एप्रिल

सापडलं! ग्नूप्लॉट म्हणून एक प्रोग्रॅम आहे. माउसचं कामच नाही. काळ्या खिडकीत आज्ञा लिहायची — अमुक फाइल घे, पहिला रकाना आडवा, दुसरा उभा, रेघेने जोड. एंटर मारला की आलेख तयार. म्हणजे बोलून सांगितल्यासारखंच! आणि सांगणं तर मला येतं.

फुकट आहे. ज्यांनी बनवलं त्यांना जळगावात विधी नावाची कुणी आहे हे माहीत असण्याचं कारणच नाही. तरी आज हात जोडावेसे वाटले. कोणत्या दिशेला जोडायचे ते कळेना.

११ एप्रिल

एका स्वल्पविरामाने दुपारभर छळलं. आज्ञा लिहिली की चूक. पुन्हा लिहिली — पुन्हा चूक. शेवटी लॅपटॉपला एकेक अक्षर वाचायला लावलं, तेव्हा कळलं. दोन रेघांच्या आज्ञांमध्ये तो घालायचाच राहिला होता.

मग एंटर. शांतता! चूक नाही, म्हणजे आलेख झाला. माझा पहिला आलेख — आणि तो कसा दिसतो हे मलाच ठाऊक नाही.

अखिलभैया दुकानातून जेवायला घरी आला होता. त्याला म्हटलं, बघ ना.

"दोन रेघा आहेत. एक लाल, एक निळी. लाल वर आहे."

"आणि?"

"आणि काय? छान आहे."

छान! घ्या.

१३ एप्रिल

भैयाने दुकानातून रिळं आणली. (पप्पांचं शिलाईच्या सामानाचं दुकान, तेव्हा दोऱ्याला काय तोटा!) म्हणाला, "मोठ्या कागदावर छापून घे. रेघेवर दोरा चिकटवू. एकीला जाड दोरी, दुसरीला साधा दोरा. बोटाला फरक कळेल."

अखिलभैयाला हे सुचलं! मला नाही, सरांना नाही. मला त्याचा हात सोडवेना.

१४ एप्रिल

रूपा सकाळपासून आमच्याकडे. ती आणि भैया कागदावर वाकलेले, घरभर गोंदाचा वास. संध्याकाळी वाळला. रूपाने माझं बोट धरून डाव्या कोपऱ्यात ठेवलं. "हं, इथून निघ."

निघाले. दोन्ही रेघा शेजारीशेजारी चालल्या होत्या. पहिल्या दिवसाची सकाळ. मग जाड दोरी — काकांचं घर — चढायलाच लागली. चढतेय, चढतेय! साधा दोरा मागे राहिला, दमानं वर आला. दुपारी दोघींच्या मध्ये माझं आख्खं बोट मावलं. ते अंतर म्हणजे चुना. मी इतके दिवस जे ऐकत होते ते असं होतं!

रडले. रूपा म्हणाली, "कागद भिजंल, बाजूला हो." मग तीही रडली.

पुन्हा फिरवलं बोट, पुढच्या दिवसांवरून. चौथ्या दिवशी साधा दोरा एकदम तळाला गेला, आणि तसाच परत वर.

"इथे काय झालं?"

"खाली गेलीये ना रेघ. मला वाटलं असंच असंल."

असंच? एप्रिलमध्ये, धरणगावात, शून्य अंश? डबी बंद पडली होती. आकडा नव्हता त्या जागी मशीनने शून्य लिहिलं. आणि ती शून्यं धरून मी सरासरी काढली होती! चुन्याचं घर होतं त्याहून कितीतरी थंड दाखवत होते मी.

१६ एप्रिल

शून्यं काढली. फरक कमी झाला. पण आहे, आणि खरा आहे.

सरांना सगळं सांगितलं. त्यांनी तक्ता पुन्हा मागून घेतला. मग म्हणाले, "तक्ता मीही तपासला होता, विधी. मला नाही दिसलं." आणि पुढे — "तोंडी परीक्षेला आलेख तूच काढायचेस. सगळ्यांसमोर."

थँक यू सर. तेव्हा म्हणायचं राहिलं, म्हणून इथे लिहून ठेवते.

१९ मे

झाली परीक्षा! धुळ्याहून कामिनी मॅडम परीक्षक म्हणून आल्या होत्या. पहिलाच प्रश्न, "आलेख कुणी काढलेत?"

सर म्हणाले, "तिलाच विचारा."

मी म्हटलं, "कोणता दिवस बघायचा, मॅडम?" त्यांनी सांगितला. आज्ञा लिहिली, एंटर. खोलीत कुणीतरी 'अरे!' म्हणालं. मग मॅडमनी हळूच विचारलं, "दोऱ्याच्या आलेखाला मी हात लावू?"

बाहेर रूपाची आई, वच्छलाबाई, थांबली होती. खास धरणगावहून आली. माझे गाल दोन्ही हातांत धरून म्हणाली, "हाई बठ्ठं तुन्हं शे?" म्हटलं, हे सगळं माझं कुठलं काकू, घर तुमचं, दोरा भैयाचा, हात रूपाचे. माझं नुसतं सांगणं.

२० मे

काही केलं नाही. आमरस खाल्ला, झोपले. किती माणसं आहेत माझ्यामागे!

२ जून

दिवेलागणीला भैया दुकानातून घरी आला आणि माझ्या खोलीत येऊन बसला. माझा लॅपटॉप जवळ ओढला. मग म्हणाला, "तुझा बोलणारा लॅपटॉप मला शिकव. ती काळी खिडकीपण."

"तुला कशाला?"

"अंधार पडला की मला दिसत नाही, विधी. दिवाळीपासून. आज डॉक्टरकडे जाऊन आलो. पप्पांना इतक्यात सांगू नकोस."

माझीही नजर आधी संध्याकाळचीच गेली होती.

मी त्याची बोटं धरली आणि कीबोर्डवर ठेवली. एफ आणि जे या दोन अक्षरांवर बारीक उंचवटे असतात, त्यांवर.

"लागलं हाताला?"

"हो."

"मग डोळे मीट," मी म्हटलं. "इथून निघायचं."