फोटोतला तो हात माझा

मी, देवकाबाई केवळराम टेंभरे, वय एकाहत्तर, शिक्षण चौथी पास, राहणार तिरोडा, जिल्हा गोंदिया, हे मृत्युपत्र माझ्या हाताने, माझ्या पेनाने आणि पूर्ण शुद्धीत लिहिते आहे. माझ्यावर कोणाचे दडपण नाही. घरात दडपण असलेच तर ते माझे इतरांवर आहे, हे घरचे सगळे मान्य करतील.

वकीलसाहेबांनी एक मृत्युपत्र टाइप करून आणले होते. त्यात पहिल्याच ओळीत "मानवी देह क्षणभंगुर असल्याने" असे होते. मी ते परत केले. येत्या गुरुवारी नागपूरला माझ्या हृदयाची झडप बदलणार आहेत. देह कसा आहे ते मला डॉक्टरांनी सांगितले आहे, वकिलाने वेगळे सांगायची गरज नाही. बुद्धी शाबूत असल्याचा दाखला सोबत जोडला आहे. तो देताना डॉक्टरांनी विचारले, "आजी, आज वार कोणता?" मी म्हटले, "शुक्रवार. आणि तुमच्या शर्टाची बटनं खालीवर लागली आहेत." त्यांनी लगेच सही केली.

माझी माणसे अशी. पती केवळराम, यांचा बाजारात फोटो स्टुडिओ होता, ते २००२ साली वारले. थोरला मुलगा चंद्रकुमार करोनात गेला. त्याची बायको पुष्पांजली आणि मुलगी नीतू माझ्याजवळ राहतात. धाकटा इंद्रकुमार, त्याची बायको रिंकू आणि मुलगा पीयूष, हेही याच घरात. नणंद जमुनाबाई गोंदियाला राहते. तिला या मृत्युपत्रात काही दिलेले नाही, पण तिचे नाव पुढे बरेच येईल.

हे लिहिण्याचे कारण सांगते. नीतूचे लग्न वैशाखात ठरले आहे, मुलगा सडक अर्जुनीचा, चांगला आहे, कमी बोलतो. साखरपुड्याच्या दिवशी जमुनाबाई इंद्रकुमारला म्हणाली, "हळदीच्या वक्ताले पुष्पाले जरा मागंच ठेवजो. पयली हळद रिंकू लावेल. लोक पाह्यतात." इंद्रकुमार मुंडी हलवत राहिला. पुष्पांजली चहाचे कप उचलून राहिली होती. तिने ऐकले आणि कप घेऊन आत गेली. मीही ऐकले. मी आत गेले नाही.

कलम एक. राहते घर माझ्या नावावर आहे. समोरचा भाग इंद्रकुमारला, विहिरीकडचा भाग पुष्पांजलीला, दोघांनाही मालकी हक्काने. मधले दार बंद करू नये. रिंकू भांडकुदळ आहे, पण तोंडावर भांडते, म्हणून माझा मोठा पितळी गुंड तिला. पुष्पांजलीने त्यातले पाणी प्यावे, रिंकूने हटकू नये.

कलम दोन. बोदलकशाच्या रस्त्याला आपले धानाचे शेत आहे, ते दोन्ही घरांना अर्धे अर्धे. इंद्रकुमारच्या अर्ध्याला एक अट आहे. ती सहाव्या कलमात लिहिली आहे. त्याने आताच पान उलटू नये, ओळीने वाचावे.

कलम तीन. बाजारातले स्टुडिओचे दुकान पुष्पांजली आणि नीतू यांना. इंद्रकुमार म्हणतो, "माय, दुकान मोबाइलवाल्याले भाड्यानं देऊन टाकू. आता फोटो कोण काढते?" बापा, वीस वर्षांपासून या घराचे तेल-मीठ त्या दुकानातून येते. फोटो कोण काढते म्हणून विचारतोस, तर तुझी माय काढते. तिरोड्याच्या निम्म्या नवऱ्या माझ्या कॅमेऱ्यात हसल्या आहेत.

मी फोटोवाली कशी झाले ते आता लिहून ठेवते, नाहीतर जमुनाबाई तिचेच खरे करेल.

केवळराम गेल्यावर दुसऱ्या वर्षी इंद्रकुमारचे लग्न होते. मांडवात हळद सुरू झाली. मी पोराच्या जवळ जायला निघाले, तर जमुनाबाईने माझा हात धरला. "वयनी, तू सयपाकाकडं पाह्य. हळदीत तुयं काय काम?" मी हात सोडवून घेतला. खोलीत गेले, केवळरामचा कॅमेरा पेटीतून काढला आणि गळ्यात अडकवून मांडवात परत आले. ज्या बाया विधवेला जागा देत नव्हत्या, त्याच बाया म्हणू लागल्या, "सरका वं, फोटोवालीले येऊ द्या!" जमुनाबाईने स्वतःचा पदर नीट केला आणि माझ्याकडे तोंड करून हसली.

त्या कॅमेऱ्यावर केवळरामची वाइड लेन्स होती. लांबची लेन्स असती तर मी खांबाजवळच उभी राहिले असते. वाइडला जवळ जावेच लागते, अगदी हात लागेल एवढे जवळ. दुरून काढला तर माणसे मुंग्यांएवढी दिसतात. ती लेन्स हाताने फोकस करायची. पण केवळरामने फोकसच्या कड्यावर माझ्या नखपालिशने एक लाल टिकली लावून ठेवली होती. मला सांगत, "देवका, उजेडाचा आकडा सोळावर ठेव आणि कडं या टिकलीवर. मंग हातापासून मांडवाच्या खांबापर्यंत सारं साफ येते. बाकी कायी हालवू नको." मी काही हलवले नाही. कडे फिरवायचे नव्हते, म्हणून माझा डावा हात मोकळा होता. मी तो हळदीत घातला आणि माझ्या पोराच्या गालाला लावला. उजव्या हाताने बटन दाबले.

तो फोटो अजून समोरच्या खोलीत टांगलेला आहे. खालच्या कोपऱ्यातून एक हळदीचा हात वर येतो, हाताच्या रेघासुद्धा मोजून घ्याव्या, आणि मागे इंद्रकुमारचे तोंड, तेही साफ. येणाजाणाऱ्यांना जमुनाबाई सांगत आली आहे की तो हात तिचा. सर्वांना कळावे म्हणून येथे जाहीर करते की तो हात माझा आहे. पुरावा समोरच आहे. हात डावा आहे. जमुनाबाईने जन्मात कधी डाव्या हाताने हळद लावली काय? आणि तिच्या हातात त्या दिवशी कोपरापर्यंत चुडा होता. फोटोतला हात मोकळा आहे.

कलम चार. आता नवी लेन्स. ही पण वाइडच, पण ऑटोफोकसवाली, माझ्या कमाईची. मोतीबिंदूचे ऑपरेशन झाले त्या वर्षी घेतली. डोळ्यांना कड्यावरचे आकडे दिसेनासे झाले होते, आणि नवऱ्या मांडवात नाचत येऊ लागल्या होत्या. नाचणाऱ्या पोरीला कोणत्या टिकलीवर धरणार? गोंदियाच्या दुकानात पीयूषला घेऊन गेले. दुकानदार माझ्याकडे न पाहता त्याला म्हणाला, "भैया, अम्मा के लिए तो मोबाइल ही ठीक है. और लेन्सच पायजे तर मॅन्युअल घ्या, सस्ता पड़ेगा." मी म्हटले, "भैया, अम्मा इकडं उभी आहे. दोन्ही लावून दाखव." मॅन्युअलवर त्याचाच फोटो काढला, तर नाकाच्या जागी धुके आले. मग ऑटोफोकस लावली. इतकी चुपचाप फिरली की मला वाटले बंदच आहे. आणि त्याच्या डोळ्याच्या पापण्या मोजून घ्या! मी दुकानात जोरात हसले. आपल्याला दिसत नाही आणि कोणीतरी आपल्यासाठी पाहून देते, असा आनंद मला चंद्रकुमार पहिल्यांदा माझ्याऐवजी बाजारात जाऊन पिशवी भरून घेऊन आला तेव्हा झाला होता.

लोक म्हणतात जुने ते खरे. ज्यांना अंधुक दिसत नाही तेच असे म्हणतात.

ही नवी लेन्स आणि कॅमेरा नीतूला. ही तिची स्वतःची वस्तू आहे. तिच्या सासरी कोणी ती कपाटात ठेवू नये आणि मागू नये. पीयूष म्हणाला, "आजी, ऑटोफोकसवाली मले दे नं. नीतूताईचं तर लग्न होऊन राहिलं." मी विचारले, "मंग? लग्न झाल्यावर पोरी डोळे काढून ठेवतात काय?" नीतू स्वतः म्हणाली, "आजी, मले जुनीच दे. तुयी आठवण राहील." बाई, तुला धंदा करायचा आहे. पाहुणे धावतात, लेकरे उड्या मारतात, वरात थांबत नाही. माझी आठवण आली तर फोन कर. मी नसले तर पुष्पाला कर.

कलम पाच. केवळरामची जुनी लेन्स पीयूषला. ती नव्या कॅमेऱ्यावर मधे एक कडे लावले की बसते. तो तिला भंगार म्हणतो. असू दे. तिच्या फोकसच्या कड्याच्या खाचांत इंद्रकुमारच्या हळदीचा पिवळा डाग आहे, तो पुसू नये. लेन्सला हार घालून कपाटातही ठेवू नये. विकली तर पीयूषला शेतातल्या बोराच्या झाडाचे बोरसुद्धा मिळणार नाही.

आणि वैशाखात नीतूची हळद त्याने याच लेन्सने काढायची. कारण सांगते. मागल्या वर्षी शेजारच्या हळदीत मी नवी लेन्स लावली होती. हळदीत दहा हात मधे येतात. मशीन कधी हाताच्या मागे धावली, कधी नवरीच्या. हात साफ आला तेव्हा नवरी भुतासारखी आली. नवरी साफ आली तेव्हा हात नुसता पिवळा ठिपका. नीतूने मशीन बंद करून हाताने फिरवायला दिली, तर तिचे कडे गरगर फिरतच राहते, कुठे अडत नाही, टिकली लावायलाही जागा नाही. एरवी मी नवीच वापरते आणि वापरत राहणार. पण या एका फोटोत मायचा हात आणि लेकीचे तोंड, दोन्ही मला साफ पाहिजेत. कोणते ठेवायचे ते कोणी निवडायचे नाही, मशीननेही नाही.

कलम सहा. अट अशी. नीतूला पहिली हळद पुष्पांजली लावेल. तिला मांडवात इंद्रकुमारने स्वतः बोलवायचे, सगळ्यांच्या देखत, मोठ्याने, "वहिनी, या, हळद लावा" असे. रिंकूने बोलावलेले चालणार नाही, कारण जमुनाबाईसमोर मुंडी रिंकूने हलवली नव्हती. हे झाले नाही, किंवा कोणी पुष्पांजलीचा हात धरला आणि इंद्रकुमार पाहत राहिला, तर शेताचा त्याचा अर्धा भाग पुष्पांजलीला जाईल.

वकीलसाहेब म्हणाले, "आजी, अशी अट कोर्टात टिकेल की नाही, सांगता येत नाही." मी म्हटले, "मले कोर्टात कुठं टिकवाची आहे? इंद्रकुमारच्या पोटात टिकली पाह्यजे."

इंद्रकुमार, तू वाईट पोर नाहीस. तुझ्या हळदीत मी तुझ्या गालाला हात लावला तेव्हा तू हळूच म्हणालास, "माय, डोळ्यात जाऊन राहिली." तुला माहीत होते हात कोणाचा आहे. तू बावीस वर्षे आत्याच्या तोंडावर बोलला नाहीस. आता बोल.

कलम सात. पुष्पांजलीसाठी. पोरी, मी कॅमेरा आडवा धरून आत शिरले. तेव्हा मला तेवढेच सुचले, आणि मला त्याचे काही वाईट वाटत नाही, मला त्या दिवशी फार मजा आली. पण तू कॅमेरा घेऊन जायचे नाही. तू चांगली हिरवी साडी नेसून, दोन्ही हात मोकळे ठेवून जायचे. पीयूषने ध्यान ठेवावे: फोटोत नुसता हात कोपऱ्यातून येऊ नये. हातामागे बाई पूर्ण आली पाहिजे, तोंडासकट. जागा पुरत नसेल तर दोन पावले मागे जावे, लेन्स वाइड आहे. मी जिवंत असले तर मीही तिच्या बाजूला उभी राहणार. मग आणखी एक पाऊल मागे जावे, मी आता जाड झाले आहे.

जमुनाबाईलाही फोटोत घ्यावे. तिला पदर नीट करायला वेळ द्यावा.

कलम आठ. माझ्या मागे रडायचे तर रडा, पण माझा टांगायचा फोटो नीतूने ऑटोफोकसवर काढलेलाच लावावा, ज्यात माझे दात दिसतात. जमुनाबाईला तो चालत नाही, म्हणून तोच.

वरील सर्व मी लिहिले, मीच मोठ्याने वाचून दाखवले, घरचे सगळे बसले होते. यापूर्वी मी दुसरे मृत्युपत्र केलेले नाही. हे बदलायचे झाले तर वैशाखानंतर, मीच बदलेन.

ठिकाण: तिरोडा
दिनांक: २३ नोव्हेंबर २०२५

सही: देवकाबाई केवळराम टेंभरे

डाव्या हाताचा अंगठा: (शाईऐवजी हळदीत बुडवून घेतला आहे. शंका असणाऱ्याने समोरच्या खोलीतल्या फोटोशी ताडून पाहावा.)

साक्षीदार पहिला: दुलीचंद बिसेन, सायकल दुरुस्ती, स्टुडिओच्या बाजूला. आजीने माझ्यासमोर सही केली. मी फोटो पाहून आलो. अंगठा तोच आहे.

साक्षीदार दुसरी: सुलोचनाबाई रहांगडाले, निवृत्त नर्स. सही आणि अंगठा माझ्यादेखत. हळद पुष्पांजलीने कालवली. वाटी इंद्रकुमारने धरली.