मातोश्रींनी कालवा अडवला, त्याची हकिकत

सुंगाई बेलिडा,
शुक्रवार, दुपारच्या नमाजानंतर

आदरणीय हमदानदादा यांना सफ्रियालचा अदबीचा सलाम.

आपण, वहिनी आणि मुलं बातामला सुखरूप असाल अशी आशा आहे. तुमची पाठ आता कशी आहे? जहाजाच्या गोदीत वाकून काम करणाऱ्याची पाठ आणि तेलाच्या पामचे घड तोडणाऱ्याची मान, दोन्हींवर एकच औषध चालतं असं तुमच्या बहिणीचं, मस्तुराचं म्हणणं आहे. (तिने त्यासाठी कसलंसं तेल उकळलंय. वास फार वाईट आहे, पण बाटली पाठवते आहे. नको म्हणू नका, इथे मला ऐकावं लागतं.) इकडे सगळे खुशाल. धूर गेला, खोकला राहिलाय, पण तोही आता घरच्यासारखा झालाय. तुमच्या मातोश्रींची तब्येत उत्तम आहे; इतकी उत्तम, की बाकीच्या गावाने स्वतःच्या तब्येतीला जपावं. फोनवर त्यांनी तुम्हाला ‘कालव्यात थोडी माती टाकली, दुसरं काही नाही’ एवढंच सांगितलं असं कळलं. म्हणून सविस्तर लिहायला बसलो. तुमच्यासमोर त्यांची तक्रार करण्याची माझी जुनी सवय तुम्हाला ठाऊक आहेच, पण आज ते होणार नाही. पाणी पिऊन, शांतपणे बसून वाचा.

यंदा पाऊस लवकर आटोपला. कंपनीच्या मोठ्या मळ्याने गेल्या साली आपल्या शिवेवरचा कालवा आणखी खोल केला, हे तुम्हाला माहीत आहे. पामची मुळं पाण्यात राहू नयेत म्हणून पाणी नदीत सोडायचं, हा त्यांचा हिशेब. पण पाणी काही कंपनीचं कुठलं आणि गावचं कुठलं हे बघून वाहत नाही. आपली जमीन म्हणजे हजारो वर्षांचा कुजलेला पालापाचोळा; ओली असेल तर स्पंज, वाळली तर चुलीतलं सरपण. मातोश्रींच्या विहिरीत बादली सोडली तर पाण्याऐवजी चिखलाचा आवाज यायला लागला. झालं! त्या तडक मळ्याच्या ऑफिसात गेल्या. तिथले मॅनेजर विबिसोनोसाहेब मोठे सभ्य गृहस्थ आहेत. त्यांनी मातोश्रींना खुर्ची दिली, थंड चहा दिला आणि भिंतीवर रंगीत नकाशे दाखवले. मातोश्रींनी चहा घेतला, नकाशे पाहिले, ‘छान आहेत’ म्हणाल्या, आणि घरी येऊन खताच्या रिकाम्या गोण्या गोळा करायला लागल्या.

कालवा नदीला मिळतो तिथली, कबरस्तानाशेजारची पट्टी गावची आहे. तिथेच बांध घालायचं त्यांनी ठरवलं. माझी पंचाईत तुमच्या लक्षात येईल. गावचा माल गोळा करून ट्रकने कारखान्याच्या काट्यावर नेणारा मी, आणि कारखाना कंपनीचा. घड तोडले की दुसऱ्या दिवशी काट्यावर पोचायला हवेत, नाहीतर तेल आंबतं आणि भाव कोसळतो. कंपनी रुसली तर आपले घड घेऊन मी काय नदीत सोडू? सरपंचांनी मला बोलावून सांगितलं, “तुझी सासू आहे, तू आवर.” (दादा, तुम्ही पोटचे असून बातामला पळालात, मी तर जावई.) मी आवरायला म्हणून गेलो. तिथे वीसेक बायका हसत-खिदळत गोण्या भरत होत्या. मी घसा साफ केला. मातोश्री म्हणाल्या, “आलास? बरं झालं. हे तोंड धर.” म्हणजे गोणीचं. मी धरलं. संध्याकाळपर्यंत धरतच होतो.

बांध उभा राहिला, पाणी तुंबलं, विहिरी भरल्या, आणि माझ्या स्वतःच्या सखल वाफ्यात घोटाभर पाणी आलं. लांब काठीच्या कोयत्याने घड तोडायचा, तो धप्पकन पाण्यात पडायचा, आणि मी डोक्यापासून पायापर्यंत काळ्या पाण्याने न्हाऊन निघायचो. जळवा तर अशा चिकटल्या की जणू नात्यातल्याच. एकदा पामच्या दोन ओळींमध्ये हातभर लांबीचा बेलिडा मासा दिसला. ज्या माशावरून गावाला नाव पडलं तो मी लहानपणानंतर पहिल्यांदा पाहिला, आणि तोही माझ्याच मळ्यात! त्याच्या मागे धावताना बूट चिखलात राहिला तो अजून तिथेच आहे. मासा मिळाला नाही, पण घरी येऊन मी त्याची लांबी सांगितली तेव्हा मस्तुराने नुसतं बघितलं.

आठवड्याभरात कंपनीने बांध फोडायला खोदकामाचं यंत्र पाठवलं. चालवणारा तोगार म्हणून बाताक जमातीचा माणूस होता, मिशीवाला, दणकट, आवाज चर्चच्या घंटेसारखा. मातोश्री बांधावर प्लास्टिकची खुर्ची टाकून, छत्री उघडून बसल्या होत्या. यंत्र अगदी जवळ येऊन थांबलं.

“आजी, उठा ना. माझी नोकरी जाईल.”

“तुझी नोकरी जाईल, माझं गाव जाईल. आधी काय जातंय ते दोघं बसून बघू. जेवलास?”

“नाही.”

“मग तो राक्षस बंद कर. आवाजात जेवण पचत नाही.”

तोगारने यंत्र बंद केलं. आंबवलेल्या दुरियन फळातलं पातीन माशाचं कालवण आणि भात असा बेत होता. (ते कालवण मला सणालाच मिळतं. असो.) तो तीनदा वाढून घेऊन खाली सावलीत आडवा झाला. मॅनेजरसाहेबांचा फोन आला तेव्हा तो फोनवर गंभीरपणे म्हणाला, “साहेब, इंजिन फार तापलंय.” दुसऱ्या दिवशीही इंजिन तापलं. तिसऱ्या दिवशी तो येताना बायकोने दिलेली मिरचीची चटणी घेऊन आला.

पण मग कारखान्याने आपला माल नाकारायला सुरुवात केली. घड कच्चे आहेत म्हणे! लालबुंद, दाणे आपोआप गळणारे घड कच्चे! रस्त्याकडेला ढीग लागले, उंदीर माजले, आंबूस वास घराघरात शिरला. ज्यांची मुलं पेकनबारूला कॉलेजात आहेत, ज्यांच्या गाडीचे हप्ते आहेत, ते सगळे माझ्या दारात. मी तापलेल्या डोक्याने बांधावर गेलो आणि आयुष्यात पहिल्यांदा मातोश्रींवर ओरडलो. “पाम नसता तर तुमचं हज झालं असतं का? घरावर पत्रा आला असता का? आणि तुम्ही त्याच पामच्या मुळावर उठलात!”

त्या रागावल्या नाहीत, दादा. त्याचीच मला जास्त भीती वाटली. म्हणाल्या, “पाम माझाही आहे रे. मी लावलाय, ह्या हातांनी. पामआधी रबर होतं तेव्हा आम्ही कसाव्याच्या कंदांवर दिवस काढले, ते मी विसरलेले नाही. मी पामला नको म्हणत नाही. जमीन सुकवायला नको म्हणते.” मग छत्री दुसऱ्या खांद्यावर घेऊन म्हणाल्या, “जमिनीला आग लागली त्या धुराच्या वर्षी तुझ्या सासऱ्यांच्या तोंडावर मी ओला पंचा धरून बसले होते. पंचा वाळायचा, परत भिजवायचा. आता तोच पंचा मस्तुराच्या लेकरांसाठी काढू?”

बाबांचे शेवटचे दिवस तुम्हाला मी सांगायला नको. मी खाली उतरलो आणि एका जागी पाणी झिरपत होतं तिथे गोणी लावली.

आग दक्षिणेकडून आली. कोणी जमीन साफ करायला लावली, कोणाची विडी पडली, आजवर कळलेलं नाही. सगळे एकमेकांकडे बोट दाखवतात. दुपारी सूर्य लाल झाला आणि पक्षी उलट्या दिशेने उडायला लागले. आपल्याकडची आग वरून कमी आणि खालून जास्त चालते हे तुम्ही पाहिलंय. वर नुसता धूर, आणि उभं झाड मुळं जळून शांतपणे आडवं होतं. मळ्याच्या कोरड्या भागात ओळीच्या ओळी तशा झोपल्या. तिथून ती आपल्या शिवेवर आली, ओल्या जमिनीला लागली, आणि दादा, मी स्वतः ऐकलं, तापलेल्या तव्यावर पाणी शिंपडावं तसा आवाज झाला. पुढे आली नाही. माझ्या त्या सखल, जळवांनी भरलेल्या वाफ्याच्या कडेला येऊन ती थांबली. मी तिथेच चिखलात मटकन बसलो. रडलो असेन, धुरामुळे नक्की सांगता येत नाही.

थोड्या वेळाने कंपनीचे लोक पंप आणि पाइप घेऊन धावत आले. त्यांच्या बाजूचे सगळे कालवे कोरडे ठणठणीत, पाणी होतं ते फक्त आपल्या बांधामागे. विबिसोनोसाहेबांचं तोंड काळं पडलेलं, सदरा फाटलेला. म्हणाले, “आजी, पाणी घेऊ का?” मला वाटलं, आता मातोश्री उट्टं काढणार; मी तर मनातल्या मनात चार वाक्यं तयारसुद्धा ठेवली होती. त्या खुर्चीवरून उठल्या, खुर्ची स्वतः बाजूला केली आणि म्हणाल्या, “विचारता काय? पाइप टाका. आणि त्या पोरांना आधी प्यायला द्या.” तोगारने यंत्र आणलं, आणि जो बांध फोडायला त्याला पाठवलं होतं तोच आणखी उंच केला. इंजिन अजिबात तापलं नाही.

आग विझायला पुढे पाऊसच यावा लागला. गावातल्या यूसरीचा उंचावरचा कोरडा पामचा तुकडा गेला, शाळा बंद राहिली, सखल वाफ्यांचं उत्पन्न यंदा कमी येणार हेही खरं. पण गाव उभं आहे, आणि धुरात एकाही घरातून माणूस गेला नाही. बांध आता कंपनीने मान्य केलाय, जादा पाण्यासाठी त्यात सांडवा बांधून दिलाय, आणि आपले घड पुन्हा पिकलेले ठरू लागलेत. जिल्ह्याच्या साहेबांनी सत्कार ठेवला. साहेब पर्यावरणावर खूप वेळ बोलले. मातोश्री पहिल्या रांगेत गाढ झोपल्या होत्या, आणि त्यांच्याकडे बघून मला वाटलं, ह्या बाईला आवरायला मला पाठवलं होतं! आवाज, टोमणे, डॉमिनोच्या सोंगट्यांच्या डावातली लबाडी, सगळं मान्य. पण अशी सासू मिळायला नशीब लागतं, आणि हे मी लिहून देतोय, जपून ठेवा.

वहिनींना सलाम, मुलांना आशीर्वाद. अल्लाह सर्वांना ओली जमीन आणि कोरडी छपरं देवो.

आपला,
सफ्रियाल

ता. क. एक छोटी गोष्ट राहिली. प्रार्थनागृहामागे जो तुमच्या नावावरचा पामचा तुकडा आहे, त्याच्या मधून एक जुना चर जातो. त्यातून अजून पाणी पळतं. तो बुजवावा अशी मातोश्रींची फार इच्छा आहे. तुमची काही झाडं पाण्यात राहतील, पण आईच्या शब्दाबाहेर तुम्ही जाणार नाही अशी खात्री आहे. परवानगी कळवावी.

ता. क. परवानगीची घाई नाही. चर मंगळवारी बुजवला. मातोश्रींच्या हुकमापुढे माझं काय चालणार?

ता. क. पाकीट चिकटवण्याआधी खरं लिहितो, नाहीतर मस्तुरा लिहील. तुम्ही आईवर ओरडणार नाही म्हणून त्यांचं नाव पुढे केलं. त्यांना यातलं काहीच माहीत नाही. त्या बहिणीकडे दुमाईला गेल्यात. गोण्या मीच भरल्या, तोंडं तोगारने धरली. मातोश्री रविवारी परत येतील. चरातला हा नवा बांध बघून त्या काय म्हणतील याची इतकी धाकधूक मला लग्नाच्या दिवशीसुद्धा नव्हती.