पाय मागं घेतला

वर्षाराणी,

तू दूध आणायला गेलीस, तेवढ्यात लिहितोय. तोंडावर बोलायचं धाडस न्हाय.

म्हातारी माणसं तोल जाऊन का पडतात, यावर तुझं संशोधन. त्यासाठी काल कॉलेजात आम्हा म्हाताऱ्यांचे पाय तपासताना तू माझ्यापुढं खाली बसलीस आणि मी पाय मागं घेतला. "घरात सासऱ्याकडं बघत न्हाईस, हितं पाय धरतीस व्हय?" असं तुझ्या विद्यार्थ्यांसमोर बोललो. तू उठून पुढच्या माणसाकडं गेलीस. घरी आल्यावर मला जेवायलाही वाढलंस.

मी खोटं बोललो. मला वाकता येत न्हाय, त्यामुळं नखं वाढून मांसात रुतल्यात. वास मारतोय. तळव्याला तर फरशी लागल्याचं कळतच न्हाय. असले पाय सुनेला कसे दाखवायचे, या लाजेपायी मी तुलाच चारचौघांत खाली बघायला लावलं.

आजबी तपासणी हाय, म्हणून रिक्षानं कॉलेजात पुढं जातोय. म्हातारा खोटं बोलला, हे त्या पोरांना मीच सांगतो. मग सगळ्यांबरोबर बाकावर बसतो.

तू सावकाश ये. दुसरं कुणी तपासायला आलं तर थांबा म्हणीन.

मामंजी